पियानो मोडायचाय, पण तारा कापू नका

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या वेळचा उभा पियानो आहे. ट्यूनर म्हणतो खुंट्या ज्या लाकडात बसवल्यात तेच चिरलंय, सूर लावला तरी आठवड्यात उतरतो, आता दुरुस्तीत अर्थ नाही. सरळ भंगारात द्यायला जीव होत नाही. त्यातलं काय काय ठेवण्यासारखं असतं? आणि तारा कटरने कापल्या तर चालतील का?

उत्तर : नाही, कटर अजिबात नको! साधारण 220-230 तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण 15 ते 20 टन, म्हणजे कापलेली तार चाबकासारखी उसळून डोळ्यावर येऊ शकते, आणि एका बाजूचा ताण एकदम गेला तर बिडाची चौकट तडकायचीही भीती. आधी अॅक्शन काढा, म्हणजे हातोड्यांचा तो अख्खा सांगाडा, वरचे धरून ठेवणारे स्क्रू सोडले की एकसंध बाहेर येतो, मग पट्ट्या. त्यानंतर ट्यूनिंगच्या पान्याने प्रत्येक खुंटी अर्धा फेरा उलटी फिरवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत पहिल्यापासून. दोन-तीन फेऱ्यांत तार सूर सोडून नुसती खडखडायला लागते, तेव्हा काढा. हातमोजे आणि गॉगल हवाच.

ठेवायचं काय म्हणाल तर माझ्या मते सगळ्यात मोलाची ती अॅक्शनच. लोक लाकडाच्या मागे लागतात आणि ती फेकून देतात, मला फार वाईट वाटतं, कारण त्याच मेकचा दुसरा पियानो दुरुस्त करणाऱ्याला एक तुटलेली हातोडी कुठेच मिळत नसते. हातोडीच्या टोकावरच्या फेल्टवर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या गादीवर, तारांचे खोल चरे दिसले तरी फेकू नका, लाकडी दांडे आणि सांधे कामाला येतात.

स्टीलच्या तारा दुसऱ्या पियानोला लावू नका, वाकलेल्या जागी तुटतात. तांब्याच्या वेटोळ्याच्या खर्जाच्या तारा मात्र नंबर टाकून ठेवा, मापावरून नव्या बनवता येतात. मागचा स्प्रूस लाकडाचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी पातळ फळी, चिरला नसेल तर वाद्यं बनवणाऱ्याला दाखवा.

पांढऱ्या पट्टीवर आडवी बारीक सांध्याची रेघ आणि लाकडासारख्या रेषा दिसल्या तर ते बहुतेक हस्तिदंत आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1989 मध्ये बंदीचा निर्णय झालाय, देशोदेशीचे कायदेही कडक, तेव्हा विकायचा विचार करण्याआधी कायदा बघा. आणि पट्टीच्या कडेला करड्या गोल चकत्या दिसतात ना, ते शिसं असतं. त्यावर पांढरी भुकटी असेल तर पॉलिशपेपर मारू नका, हात धुवा, आणि पोरांना खेळायला तर मुळीच देऊ नका.

चौकट शेवटी, पियानो आडवा पाठीवर निजवून, तीन-चार जण असतील तेव्हाच. आणि हो, पहिला स्क्रू फिरवायच्या आधी आतला सिरीयल नंबर लिहून घ्या, भरपूर फोटो काढा, सुटे भाग मागणारा पहिलं तेच विचारतो.