नाण्याचा फोटो: आधी दिवा, मग कॅमेरा

प्रश्न: मोबाईल नाण्याजवळ नेला की सगळं धूसर येतं. वेगळी मॅक्रो लेन्स घेऊ का?

घाई नको, पैसे खिशातच राहू द्या. प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं, त्याच्या आत गेलात की फोकस होतच नाही, आणि आपण सगळे नेमकं तेच करतो, नाणं छोटं म्हणून मोबाईल पार नाकाला लावल्यासारखा जवळ नेतो, मग वरून मोबाईलचीच सावली पडते ती वेगळीच. वीसेक सेंटीमीटरवर थांबा, दुप्पट झूम करा, उरलेलं नंतर क्रॉप करा. आणि हातात धरून काढू नका. सारख्या उंचीचे दोन डबे घ्या, त्यावर फोन आडवा ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, झालं. फोन सरळ आहे का ते बघायचं असेल तर नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा, लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मधोमध दिसलं की फोन समांतर आहे.

प्रश्न: माझ्याकडे १९१८ चा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया आहे. फोटोत राजाचा चेहरा पांढराफटक येतो.

फ्लॅश चालू असणार, तो आधी बंद करा. चांदी म्हणजे आरसाच हो, समोर जे असेल ते दाखवते. खोलीतली ट्यूबलाइटही बंद, नाहीतर दोन दिव्यांचे दोन रंग मिसळून रुपया अर्धा निळा अर्धा पिवळा दिसतो. एकच एलईडी टेबल लॅम्प घ्या, दिवा आणि नाणं यांच्यामध्ये बटर पेपर धरा, स्क्रीनवर नाण्यावर बोट टेकवून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढा. मग नाणं हळूहळू गोल फिरवत बघत राहा, एका कोनात चमक अशी काही उठते की तुम्हीच थांबाल. रुपया मुंबई टांकसाळीचा असेल तर मागच्या बाजूला तळाच्या कमळाशी बारीक टिंब असतं, ते फोटोत स्पष्ट आलं म्हणजे फोकस बरोबर आहे समजा.

प्रश्न: माझी शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) इतकी झिजलीय की अक्षरं दिसत नाहीत. चिंचेनं घासून फोटो काढला तर?

नको! चिंच, लिंबू, पितांबरी, काहीच नको. तांब्यावर शेकडो वर्षांत चढलेला तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे, तो गेला की नाणं गुलाबी, नागडं दिसतं आणि संग्राहक हातही लावत नाही. माझ्या लहानपणी मी स्वतः एक घासलीय, आजही बघवत नाही. अक्षरं वर आणायचं काम दिव्याचं आहे. खोलीत अंधार करा, दिवा टेबलाच्या जवळजवळ पातळीला आणा, म्हणजे उजेड नाण्यावरून घसटून जाईल आणि जराशा उंचवट्याचीही सावली पडेल. ‘श्री राजा शिव’ मधलं निम्मं तरी वाचता येतं, मागचं ‘छत्र पति’ बऱ्याचदा जास्त सोपं जातं. एक गंमत लक्षात ठेवा, दिवा फोटोत वरच्या बाजूला हवा, खालून आला तर डोळा फसतो आणि उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात. दिवा एका जागी ठेवून नुसतं नाणं फिरवत चार-पाच फोटो काढा, एकात ‘श्री’ दिसेल, दुसऱ्यात ‘शिव’.

प्रश्न: अल्बमच्या प्लास्टिकमधूनच काढला तर चालेल?

ओळख पटवण्यापुरता चालेल, बाकी नाही, प्लास्टिकचे ओरखडे नाण्याच्या नावावर जातात. बाहेर काढा, फक्त कडेनं धरा, खाली जाड टॉवेल अंथरा म्हणजे निसटलं तरी वाचेल.

प्रश्न: आणि स्कॅनर?

सपाट झिजलेल्या नाण्याला ठीक. उठाव असलेलं नाणं त्यात मेल्यासारखं दिसतं. विकायला काढणार असाल तर मात्र दोन्ही बाजूंबरोबर कडेचाही एक फोटो काढाच, ओतीव नकली नाण्याचा जोड बऱ्याचदा तिथेच सापडतो आणि जाणकार घेणारा सगळ्यात आधी तोच मागतो.