फंक्शनची व्याख्या करायची की फंक्शन लिहायचं?

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मराठी टिपा लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. फंक्शन म्हणजे नाव दिलेला हिशोब: त्याला काही दिलं की तो उत्तर देतो. ‘यूझर डिफाइन्ड फंक्शन’ या प्रकरणाला त्यांनी ‘वापरकर्ता-परिभाषित कार्य परिभाषित करणे’ असं नाव दिलं आणि मुलं पहिल्याच ओळीला अडली. यात चुकतं काय आणि त्याऐवजी काय लिहावं?

आधी ‘परिभाषित’ पाहू. हिंदीत परिभाषा म्हणजे डेफिनिशन. मराठीत परिभाषा म्हणजे एखाद्या शास्त्रातल्या संज्ञांचा संच, म्हणून तर आपल्याकडे विषयवार ‘परिभाषा कोश’ निघाले. डेफिनिशनला मराठी शब्द व्याख्या. त्यामुळे ‘परिभाषित करणे’ वाचताना मराठी मुलाला हाताशी काहीच लागत नाही.

मग ‘फंक्शनची व्याख्या करणे’ म्हणावं का? मला तेही पटत नाही. व्याख्या आपण आधीपासून असलेल्या गोष्टीची करतो, त्रिकोणाची किंवा लोकशाहीची. फंक्शन मात्र आपण लिहीपर्यंत डेटाबेसमध्ये नसतंच. डेटाबेसशी बोलायच्या एसक्यूएल या भाषेतली आज्ञासुद्धा ‘क्रिएट फंक्शन’ अशीच आहे, तिच्यात ‘डिफाइन’ कुठे नाही. याला जवळची गोष्ट मला पाणिनीत दिसते. अष्टाध्यायीचं पहिलं सूत्र ‘वृद्धिरादैच्’ हे आ, ऐ आणि औ या स्वरांना ‘वृद्धि’ असं नाव देतं. पुढे वृद्धि म्हटलं की हे तीन स्वर समजायचे. अशा सूत्राला संज्ञासूत्र म्हणतात. (परिभाषासूत्रं वेगळी, बाकीची सूत्रं कशी लावायची ते ती सांगतात.) ‘क्रिएट फंक्शन’ हे असंच एका हिशोबाला नाव देणं आहे, आणि आपल्या रोजच्या मराठीत त्याला सरळ ‘फंक्शन लिहिणं’ म्हणतात. तेच टिपांत यावं.

आता ‘कार्य’. हा शब्द मला प्रिय आहे, पण इथे तो बसत नाही. यकृताचं कार्य, समितीचं कार्य असं आपण म्हणतो आणि ते बरोबरच आहे, कारण फंक्शनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘फुन्क्टिओ’चा अर्थही ‘पार पाडणं’ असाच. घरात लग्न असलं की इंग्रजीत फंक्शन आणि मराठीत कार्य, इथवर दोन्ही शब्द हातात हात घालून चालतात. पण १६७३ च्या एका हस्तलिखितात लाइब्निझ यांनी हा शब्द गणितात आणला आणि पुढे त्याला ‘एका राशीवर अवलंबून असणारी दुसरी राशी’ हा अर्थ चिकटला. मराठीतल्या ‘कार्य’ने ते वळण घेतलं नाही. गणिताच्या मराठीत त्यासाठी ‘फलन’ आहे.

फलन मला का आवडतो ते एका उदाहरणाने सांगतो. पोस्टग्रेसला गुंठा ठाऊक नाही. जमिनीच्या नोंदींचा तक्ता असेल तर गुंठ्यांचे चौरस फूट करण्याचा हिशोब आपल्यालाच लिहून द्यावा लागतो: क्रिएट फंक्शन चौरसफूट, कंसात गुंठे न्यूमेरिक (म्हणजे संख्या), पुढे रिटर्न्स न्यूमेरिक, आणि आत १०८९ ने गुणणं. आता हेच आर्यभटांच्या त्रैराशिकात मांडून पाहा. तिथे चार राशी असतात: प्रमाण, फल, इच्छा आणि इच्छाफल. प्रमाण १ गुंठा, त्याचं फल १०८९ चौरस फूट, इच्छा ५ गुंठे, तर इच्छाफल ५४४५. आपण फंक्शनला जे देतो ती इच्छा, आणि त्यातून मिळतं ते इच्छाफल! पंधराशे वर्षांपूर्वीचे हे शब्द या कामाला इतके चपखल बसतात, याचा मला मनापासून आनंद होतो. क्षेत्रफळ आणि घनफळ यांतलं फळही तेच.

तरी टिपांत ‘फंक्शन’च ठेवा. मुलांना पडद्यावर तो शब्द दिसणार आहे, आणि ‘ते फंक्शन’ असं नपुंसकलिंग घेऊन तो मराठीत केव्हाच रुळला आहे. फलन एकदा सांगून ठेवा, म्हणजे गणिताशी असलेलं नातं कळेल.

‘वापरकर्ता’ मात्र काढाच. तो शब्द ऐकला की ॲप वापरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे अर्थ एवढाच, की हे फंक्शन डेटाबेस बनवणाऱ्यांनी दिलेलं नाही, आपण लिहिलेलं आहे. त्याला ‘स्वरचित फंक्शन’ म्हणावं. स्वरचित कविता आपण म्हणतोच. काही ठिकाणी कस्टमसाठी ‘सानुकूल’ वापरतात, पण सानुकूल म्हणजे अनुकूल, प्रसन्न. फंक्शनला ते विशेषण कशाला?

एक जागा अशी आहे जिथे व्याकरण थेट मदतीला येतं. फंक्शनच्या मथळ्यात ‘रिटर्न्स’ लिहायचं असतं आणि आत पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘रिटर्न’. शेवटचा ‘स’ विसरला की चूक दाखवली जाते, आणि मुलं तो नियम घोकत बसतात. घोकायची गरज नाही. मथळ्यात आपण फंक्शनबद्दल सांगतो: ‘हे न्यूमेरिक देतं’, तृतीय पुरुष, वर्तमानकाळ. आत फंक्शनला सांगतो: ‘दे’, आज्ञार्थ. (ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दोन्हीकडे ‘रिटर्न’च असतं, तिथे हा भेद उरत नाही.) आणि हो, ‘देतं’च लिहा, ‘परत करतं’ नको. परत करणं म्हणजे घेतलेली वस्तू जशीच्या तशी देणं, उसने पैसे परत करतात तसं. इथे गुंठे दिले आणि चौरस फूट मिळाले.

‘इम्युटेबल’ला (तेच दिलं तर फंक्शन नेहमी तेच उत्तर देईल, हे पोस्टग्रेसला सांगणारा शब्द) ‘अविकारी’ म्हणू का, असंही त्यांनी विचारलं आहे. सुचलं छान, पण व्याकरणातला अविकारी शब्द कुठल्याही वाक्यात रूप बदलत नाही, आणि इथे गुंठे बदलले की उत्तर बदलणारच. सांगायचं वेगळंच आहे: ५ गुंठ्यांना आज ५४४५ आणि दहा वर्षांनीही ५४४५. जन्मतारखेवरून आजचं वय काढणारं फंक्शन तसं नसतं, ते दिवसागणिक वेगळं उत्तर देईल. आपण काहीच सांगितलं नाही तर पोस्टग्रेस फंक्शनला ‘व्होलटाइल’, म्हणजे उत्तर केव्हाही बदलू शकेल असं, धरतो, आणि मग त्यावर इंडेक्स (नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून केलेली सूची) बनवता येत नाही. इथे मूळ शब्द ठेवून हे उदाहरण द्यावं.

नाव देवनागरीत चालेल का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. पोस्टग्रेसमध्ये चालतं. नावाला ६३ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे २१ चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हीसुद्धा स्वतंत्र मोजली जातात. ‘चौरसफूट’ची चिन्हं ७, ‘क्षेत्रफळ’ची ९. ‘वापरकर्तापरिभाषितकार्य’ची भरतात २२, त्यामुळे त्याच्या शेवटच्या ‘कार्य’मधला ‘य’ तुटेल.