जर्मनीला जाताय, तर शनिवारची सकाळ मोकळी ठेवा

आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दोघं जर्मनीला राहायला निघालायत आणि तुम्ही विचारलंय, तिथलं खाणं, बाजार, जुन्या वास्तू यांत खरंच रमता येतं का, की भारतीय दुकानाच्याच फेऱ्या माराव्या लागतात? व्हिसा-विम्याची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती सोडून देते.

रमता येतं, पण त्यासाठी शनिवारी सकाळी वोखेनमार्क्ट, म्हणजे आठवडी बाजार गाठावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो दुपारी एकच्या सुमारास उठतो, म्हणून दहाच्या आत पोचा. रोख पैसे आणि पिशवी जवळ हवी. घासाघीस करत नाहीत, आणि भाजी आपल्या हातानं चिवडायची नाही. बोट दाखवून मागायची. ‘आइन प्फुंट’ म्हणजे अर्धा किलो. बटाटे घेताना प्रकार विचारा. ‘फेस्टकोखेंड’ शिजूनही अख्खा राहतो, तो रश्शाला आणि काचऱ्यांना. वड्याच्या सारणाला पिठूळ ‘मेलिशकोखेंड’च हवा, नाहीतर कुस्करताना चिकट गोळा होतो.

एप्रिलच्या मध्यापासून पांढरा श्पार्गेल येतो. शतावरीच्या कुळातला हा कोंब मातीच्या वरंब्याखाली वाढवतात. ऊन लागत नाही म्हणून पांढरा. दोन कोंब एकमेकांवर घासा, कर्र वाजले तर ताजे. कापलेलं टोक ओलसर हवं. शेंड्याच्या जरा खालून बुडापर्यंत सोला. सोलताना हात आखडता घेतलात तर दोरे दातात अडकतात. मीठ, चिमूटभर साखर आणि लोण्याचा गोळा घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं पुरतात. पहिल्या खेपेला फोडणी देऊ नका, कृपा करून. आधी त्याची स्वतःची चव कळू दे. २४ जूनला काढणी थांबते, कारण पुढच्या वर्षासाठी झाडाला जोर धरू द्यायचा असतो.

श्रीखंडाला क्वार्क, म्हणजे दह्यासारखं मऊ ताजं चीज, ४० टक्केवाला घ्या. हा आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचा असतो, त्यामुळे दचकू नका. फडक्यात चार तास टांगला की चक्क्याजवळ जातो. बिनफॅटचा घेतलात तर रवाळ आणि आंबट लागतो.

कागदांचं एकच सांगते. पत्तानोंदणीला घरमालकाच्या सहीचा ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, म्हणजे तुम्ही तिथे राहता असा दाखला लागतो, भाडेकरार चालत नाही. किल्ली घेतानाच तो मागून घ्या. नोंदणीशिवाय पुढची कामं एकामागून एक अडतात.

शाळेचं मात्र मला आजही सलतं. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मूल कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार हे ठरतं; बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. तुमच्या मुलीच्या हाती नव्या भाषेसाठी जेमतेम दोन वर्षं असतील. इतक्या लहान वयात मुलाची वाट ठरवणं मला पटलेलं नाही. राज्य निवडायची मुभा असेल, तर पगाराआधी हे बघा. आणि बाजारात पैसे तिच्या हातात द्या, मागू दे तिलाच.

रविवारी दुकानं बंद, रस्ते सुनसान. एकटेपणा त्याच दिवशी अंगावर येतो, आणि वर्षं सरली तरी पुरता जात नाही, हे लपवत नाही. म्हणून जुन्या वास्तू रविवारसाठी राखून ठेवा. १९९३पासून सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी ‘टाग देस ऑफनन डेंकमाल्स’ असतो. एरवी कुलूपबंद असलेले वाडे, गिरण्या, मनोरे त्या दिवशी उघडतात, बहुतेक ठिकाणी फुकट. मनोऱ्यावर किंवा तळघरात नेणाऱ्या फेऱ्यांना माणसं मोजकी घेतात, तेव्हा कार्यक्रम आधीच पाहून नाव नोंदवा.