वाळवीवर कडुलिंबाचा किंवा इतर झाडपाल्याचा अर्क खरंच चालतो का?

तुम्ही विचारलंय की घरात लहान बाळ आहे, केमिकल नको, तर निंबोळी तेलाने वगैरे वाळवी जाईल का. चालतं, पण तुमची वाळवी कुठली आहे ते आधी बघा, नाहीतर माझ्यासारखं होईल.

माझ्या पुस्तकांच्या शेल्फमागे भिंतीवर मातीची नळी चढली होती, पेन्सिलीएवढी जाड. खरवडली तर आतून पांढुरक्या वाळव्या सैरावैरा पळायला लागल्या. मी निंबोळी तेल ब्रशने फळ्यांना, भिंतीला, सगळीकडे चोपडलं, घरभर तो उग्र वास, पण तीन आठवडे एक वाळवी दिसली नाही म्हणून मी खूश. मग एक दिवस दाराच्या चौकटीला सहज अंगठा टेकवला तर तो सरळ आत गेला, वरचा रंग जसाच्या तसा आणि आत नुसता पापुद्रा. वाळवी मेली नव्हतीच, तिने फक्त रस्ता बदलला होता.

कारण असं की मातीच्या नळ्या करणारी वाळवी राहते जमिनीत, आपल्याला दिसतात त्या फक्त कामकरी, राणी खाली. निंबोळीतलं अझाडिरेक्टिन पटकन मारत नाही, खाणं कमी करतं आणि कात टाकण्यात अडथळा आणतं, शिवाय उन्हात काही दिवसांतच विरतं. वास आला की वाळवी ती जागा सोडून शेजारून जाते. पेस्ट कंट्रोलवाले जे फिप्रोनिल वगैरे वापरतात त्याचा तिला पत्ताच लागत नाही, ती त्यातून चालत जाते, आणि वाळव्या एकमेकींना भरवतात, चाटून साफ करतात, त्यामुळे ते आपोआप पसरत जातं. झाडपाल्याचा अर्क इथे कमी पडतो. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल, वाळ्याच्या तेलातलं नूटकाटोन, यांनी वाळवी दूर राहते हे खरं आहे, पण दूर राहणं म्हणजे संपणं नाही ना.

मातीची नळी कुठेच नाही आणि फर्निचरखाली खसखशीसारखे कोरडे बारीक दाणे पडतायत, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, तिला जमीन लागत नाही, अख्खं कुटुंब त्या लाकडातच असतं. तिथे संत्र्याच्या सालीचं तेल (त्यातलं लिमोनिन) भोकातून सिरिंजने आत सोडलं तर अंगाला लागेल ती मरते. पण लागेल तीच, आणि तेल उडून गेलं की असर संपला. एखादी खुर्ची, फोटोफ्रेम असेल तर जरूर करा. आणि हे तेल पेटतं, त्यामुळे गॅसजवळ नको.

निंबोळी मी अजून वापरतो, पण नवीन फळी लावायच्या आधी, पाठीमागच्या कच्च्या बाजूला आणि कापलेल्या टोकांना, तेही पाणी न घालता. पाण्यात पाला उकळून लाकडावर फवारणारे व्हिडिओ बघून हसू येतं, वाळवीला ओलावाच तर हवा असतो, तुम्ही तो घरपोच देताय 😀 त्यापेक्षा गळका नळ आणि भिंतीची ओल आधी बंद करा, त्याने जास्त फरक पडतो.

बाळाचं म्हणाल तर नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं धरू नका. निंबोळी तेल लहान मुलांच्या पोटात गेल्याने उलट्या, झटके असे प्रकार झालेले आहेत. तंबाखूचा काढा तर अजिबात नको, निकोटिन त्वचेतूनही अंगात जातं.

आज एवढं करा, नळी दिसत असेल तर मधली दोन इंच फोडा आणि दोन दिवस हात लावू नका. पुन्हा बुजवली तर येजा चालू आहे, मग तेलबिल सोडा आणि जमिनीत ट्रीटमेंट करून घ्या, तेवढे दिवस बाळाला घेऊन दुसरीकडे राहा. नाही बुजवली तरी लगेच खूश होऊ नका, आजूबाजूच्या चौकटी बोटाने वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर ती तिथे आहे.