व्हीलचेअर नाही, तरी ‘वापरता येईल’ म्हणून शून्य गुण

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. यजमानांना (वय ५३) रुमॅटॉइड संधिवात आहे. काठी घेऊन तीसेक मीटर चालले की थांबावं लागतं. ‘पिप’मध्ये (अपंगत्व-आजारपणासाठीचा सरकारी भत्ता) चालण्याचा भाग मंजूर आहे. युनिव्हर्सल क्रेडिटच्या (कमी उत्पन्नासाठीचा सरकारी भत्ता) काम करण्याच्या क्षमतेच्या तपासणीत मात्र ‘हाताने चालवायच्या व्हीलचेअरवरून २०० मीटर सहज जातील’ असं लिहून शून्य गुण दिले, म्हणजे हालचालीची अडचणच नाही असं ठरवलं. आमच्याकडे व्हीलचेअर नाही, कुणी सुचवलेलीही नाही. हे नियमात बसतं का?

उत्तर : व्हीलचेअर विचारात घेणं नियमात बसतं. तुमच्या यजमानांना ती वापरता येईल हा निष्कर्ष मात्र बसेलच असं नाही, आणि भांडायचं ते तिथेच.

दोन भत्त्यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. ‘पिप’ विचारतं, उभं राहून किती चालता. तिथे व्हीलचेअरचा प्रश्नच येत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट विचारतं, दुसऱ्याच्या मदतीशिवाय सपाट जागेवर किती अंतर जाता. त्यात काठी किंवा हाताने चालवायची व्हीलचेअर नेहमी वापरत असाल, किंवा वाजवीपणे वापरता येण्यासारखी असेल, तर ती धरूनच मोजतात. म्हणून केवळ ‘पिप’चं पत्र जोडून काम भागत नाही. ५० मीटरपलीकडे न थांबता जाता येत नसेल, किंवा ५० मीटर वाजवी वेळात पुन्हा पुन्हा जाता येत नसेल, तर १५ गुण मिळतात. हीच अडचण १०० मीटरला असेल तर ९, २०० मीटरला असेल तर ६. पन्नास मीटरचा निकष लागू झाला तर कामाच्या तयारीची अटही सुटते आणि जादा रक्कम मिळते, म्हणून सगळा जोर त्यावर ठेवा.

‘वाजवीपणे’ हा कळीचा शब्द आहे. रुमॅटॉइडमध्ये बोटांची मुळं, मनगटं, कोपर, खांदे सगळेच धरतात. व्हीलचेअर स्वतः चालवायची तर मागच्या मोठ्या चाकांची कडी दोन्ही हातांनी पकडायची, रेटायची, सोडायची आणि थांबताना त्याच कड्यांवर हात आवळायचे. हे ५० मीटरभर, थोड्या वेळाने पुन्हा. म्हणून ‘व्हीलचेअर जमत नाही’ एवढंच लिहू नका, सांधा धरून लिहा : मूठ किती वळते, कुकरचं झाकण फिरवता येतं का, खांदा किती उचलतो, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो, हात वापरल्यावर दुसऱ्या दिवशी सूज येते का. बऱ्या दिवसाचं नव्हे, बहुतेक दिवसांचं चित्र द्या.

पुरावा सांधेतज्ज्ञ, फिजिओ किंवा हातांवर उपचार करणाऱ्या थेरपिस्टकडून घ्या. ‘पेशंटला संधिवात आहे’ अशा पत्राचा काही उपयोग नाही. नेमका प्रश्न विचारा : हाताने व्हीलचेअर चालवणं यांच्या सांध्यांना झेपेल का, आणि त्याने नुकसान होईल का? एनएचएसच्या व्हीलचेअर सेवेने नकार दिला असेल तर ते पत्र जोडा. घरातल्या पायऱ्या, ठेवायला जागा नाही, हेही लिहा, पण त्यावर विसंबू नका. कसोटी सपाट जागेची आहे.

आता पावलं. निर्णयपत्रावरच्या तारखेपासून एका महिन्यात युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमधून ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’ (निर्णयाचा फेरविचार) मागा आणि तपासणीच्या अहवालाची प्रत मागवा. अहवालात हातांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. ‘गाडी चालवतात’ अशी नोंद असते आणि तिच्यावरून हात ठणठणीत ठरवतात. गाडी ऑटोमॅटिक असेल आणि वीस मिनिटांत हात दुखत असतील तर तसं स्पष्ट लिहा. निर्णय बदलला नाही तर त्या दुसऱ्या पत्रापासून महिन्याभरात ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अपील करा. कागदांवर निकाल मागू नका, सुनावणी मागा. समोर न्यायाधीशांबरोबर डॉक्टर असतात, हात प्रत्यक्ष दिसतात. सिटिझन्स अॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेची मदत मोफत मिळते.

प्रश्न : माझ्याकडे बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर आहे. तीही धरतात का?

उत्तर : नाही. नियमात शब्द ‘हाताने चालवायची’ असा आहे. मागून दुसऱ्याने ढकलायची, लहान चाकांची खुर्चीही धरत नाहीत, कारण मोजमाप इतरांच्या मदतीशिवायचं आहे. फॉर्ममध्ये नुसतं ‘व्हीलचेअर वापरतो’ लिहू नका. कोणती, कोण चालवतं आणि हाताची का जमत नाही, हे तिन्ही लिहा.