बांधही हवा, तिवरही हवी: मग शिकायचं काय?

पेण तालुक्यातल्या खारेपाटातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते लिहितात: "मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायॉलॉजी दोन्ही घेतलंय. बांधाला खांड (भगदाड) पडल्यापासून आमची खार (बांध घालून राखलेली खाडीकाठची भातजमीन) खाऱ्या पाण्याखाली आहे. आता तिच्यात तिवर (कांदळवनातलं, म्हणजे मॅन्ग्रोव्हचं झाड) माजलीय. ती तोडता येत नाही आणि भातही लावता येत नाही. मुलगी म्हणते, खाडीकिनाऱ्याच्या नियोजनातच काम करणार, बांध राहिला पाहिजे आणि कांदळवनही. असं करिअर असतं का? सरकारी नोकरी मिळेल का? इंजिनिअरिंग करू दे की बी.एस्सी.? तिचा मामा म्हणतो, कॉम्प्युटर घे आणि बाकी विसर."

नमस्कार,

असं काम असतं. पण त्या नावाची पदवी बारावीनंतर मिळत नाही आणि आपल्याकडे त्या नावाची जाहिरातही निघत नाही. त्यामुळे मुलीला रस्ता जोडत जोडत जावं लागेल. तो कसा, हे सांगण्याआधी हे काम नेमकं काय असतं ते सांगते, कारण घरात सगळे त्याला "बांध दुरुस्ती" समजत असणार.

लंडनचं बघा. १९५३ च्या जानेवारीअखेर उत्तर समुद्रात वादळ आणि उधाण एकत्र आलं. इंग्लंडमध्ये तीनशेहून जास्त, तर नेदरलँड्समध्ये अठराशेहून जास्त माणसं गेली. पुढे थेम्स नदीवर अवाढव्य दारं बसवली गेली, ती १९८२ पासून वापरात आहेत. काम तुमच्या उघाडीसारखंच, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारासारखंच: धोक्याची भरती येणार असली की दारं लावायची. खरी शिकण्याची गोष्ट मात्र २०१२ मध्ये स्वीकारलेला तिथला आराखडा. तो सन २१०० पर्यंतचा आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-अभ्यास मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार या शतकाअखेर समुद्र साधारण २८ सेंटिमीटर ते एक मीटर चढू शकतो. किती, ते जग किती धूर सोडतं त्यावर. एवढी तफावत असताना एकच आकडा धरून भिंत बांधली तर ती एक तर तोकडी पडते किंवा पैसा पाण्यात जातो. म्हणून त्यांनी पाणीपातळी, भिंतींची अवस्था, किनाऱ्यावरचा अधिवास अशा खुणांवर नजर ठेवायची आणि ठरावीक वर्षांनी आराखडा तपासायचा, असं ठरवलं. कुठला निर्णय कोणत्या सालापर्यंत घ्यायलाच हवा, हेही आधी मांडून ठेवलंय. त्या दारांचं पुढे काय करायचं ते २०४० पर्यंत ठरायचं आहे, म्हणजे नवी व्यवस्था २०७० पर्यंत उभी राहील. २०४० मध्ये तुमची मुलगी तिशीत असेल. हे निर्णय तिच्या पिढीचे आहेत.

आता तिवरीकडे येऊ. समुद्र चढतो तसं कांदळवन जमिनीच्या बाजूला सरकू पाहतं. मागे बांध असेल तर सरकायला जागा उरत नाही. पुढून पाणी आणि मागून भिंत, मधली पट्टी बारीक होत जाते, आणि ती संपली की लाट थेट बांधावर आदळते. म्हणजे कांदळवन राखणं हे बांध राखण्याच्याच हिशोबात येतं. तुमची मुलगी दोन्ही पाहिजे म्हणते ते भाबडेपणाचं नाही.

इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये पॅरट नदीच्या मुखाशी स्टिअर्ट नावाची जागा आहे. तिथे सप्टेंबर २०१४ मध्ये जुन्या बांधाला मुद्दाम खांड पाडून समुद्र आत घेतला. तुमच्याकडे ज्याने घर रडलं तेच तिथे योजनेने केलं. फरक एवढाच, पण फार मोठा: खांड पाडण्याआधी आतल्या बाजूला नवे बांध घातले होते, खाड्यांच्या वाटा खोदल्या होत्या, आणि जमीन कोणाची, तिचं काय करायचं हेही मिटवलं होतं. आपल्याकडे खांड आपोआप पडते आणि पुढचं कोणीच ठरवत नाही. मागे जोळ पद्धतीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून, गाव बांध राखायचं. नंतर ते काम सरकारी योजनांत गेलं, १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला. कांदळवनाला २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाचं संरक्षण आहे. बांध जलसंपदा विभागाचा आणि तिवर वन विभागाची. दोघांना एका नकाशावर बसवणारा माणूस कमी पडतो. तुमची मुलगी जी जागा शोधतेय ती ही.

अशा कामात भरती-प्रवाह आणि गाळाचं गणित करणारे असतात, चिखलातले जीव आणि पाखरं ओळखणारे असतात, नकाशे करणारे, जमीन-मोबदल्याचे कायदे जाणणारे आणि गावात बसून बोलणी करणारेही. मुलीने यातली एक बाजू पक्की करावी. "पर्यावरण" असं मोघम नाव असलेल्या, सगळ्याचं थोडं थोडं शिकवणाऱ्या पदवीवर माझा फारसा विश्वास नाही. त्या मुलांना पुढे पर्यावरण परिणाम अहवालांची पानं भरायचं काम मिळतं, ते तिला आवडणार नाही.

गणित खरंच जमत असेल तर माझं मत स्थापत्य अभियांत्रिकीला. कारण साधं आहे: इंजिनिअरला पुढे परिसंस्थाशास्त्र शिकता येतं, उलटा प्रवास अवघड जातो. पदवीनंतर आयआयटी मद्रासचा महासागर अभियांत्रिकी विभाग आहे, सुरतकलच्या एनआयटीत जलसंपदा आणि महासागर अभियांत्रिकी आहे. परदेशात नेदरलँड्समधलं डेल्फ्टचं विद्यापीठ हे या विद्येचं मोठं ठाणं. त्याच देशात ओस्टरस्केल्ड खाडीचं तोंड आधी कायमचं बुजवायचं ठरलं होतं. मच्छीमार आणि निसर्गप्रेमी अडून बसले, म्हणून उघडझाप करणारी दारं बसवली, १९८६ मध्ये. तिथे शिकणाऱ्या पोरांना हे रोज डोळ्यासमोर दिसतं. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची आणि खाड्यांची प्रतिकृती-मॉडेल्स करून पाणी कसं वागेल ते तपासतात.

मन जीवशास्त्राकडे ओढत असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात कृषी किंवा वनशास्त्र. त्याच विद्यापीठाच्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून खारपट सोसणाऱ्या भाताच्या पनवेल जाती आल्या. त्या तुमच्या गावात कोणी ना कोणी लावल्या असतील. या वाटेने गेली तरी नकाशा आणि आकडेवारीचं शिक्षण तिने सोडू नये.

सरकारी नोकरीचं विचारलंत. एमपीएससीच्या स्थापत्य सेवेतून जलसंपदा विभागात जाता येतं आणि खारभूमीची कामं त्याच विभागात येतात. पण नेमणूक मागून मिळत नाही. ती मराठवाड्यातल्या कालव्यावरही जाऊ शकते. वनसेवेचा रस्ताही आहे, आणि भारतीय वनसेवेची परीक्षा इंजिनिअरलाही देता येते, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. खासगी सल्लागार कंपन्यांत सुरुवातीची काही वर्षं बहुधा जेट्टी, बंदर आणि पुलांचीच कामं हाती येतील. त्यातच तिने भरती-ओहोटीचं गणित शिकून घ्यावं. पगार सुरुवातीला आयटीतल्या मुलांपेक्षा कमी असेल. मामांना हे आत्ताच सांगून टाका, दिवाळीत तुलना सुरू व्हायच्या आत.

मामांचं निम्मं मात्र ऐका. आज हे सगळं काम कॉम्प्युटरवरच्या प्रारूपांवर चालतं. प्रोग्रॅमिंग येत नसेल तर ती दुसऱ्याने काढलेले आकडे वाचत बसेल.

बारावीची परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत तिला एक काम द्या. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या-नव्या उपग्रह प्रतिमाही मिळतात. खांड पडण्याआधी शेत कुठवर होतं, तिवर कुठून कशी पसरली, उघाड्या कुठे आहेत आणि त्यातल्या चालू किती, याचा नकाशा तिने स्वतः करावा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून वर्षं लावावीत. तो करताना ती रमली तर पुढची चार वर्षं निभतील. दुसऱ्याच आठवड्यात कंटाळली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

सीईटीला पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गटांचे अर्ज भरा, म्हणजे निर्णय जूनपर्यंत लांबवता येईल. तुमच्या बुडालेल्या जमिनीचं काय, हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी सातबारा आणि खांड पडल्याच्या वेळचा पंचनामा, असेल तर, घेऊन महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. मुलीच्या शिक्षणाचा निर्णय त्या निकालावर अडवून ठेवू नका.