प्लेग्रुपला घातल्यापासून मूल सारखं आजारी पडतंय, नाव काढावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अडीच वर्षांचा आहे, जूनमध्ये प्लेग्रुपला घातला, पाच महिन्यांत सहा वेळा आजारी पडला, सासूबाई नाव काढा म्हणतात आणि तुमच्या रजा संपत आल्यात. माझं उत्तर आधी सांगते: एवढ्यावरून नाव काढू नका. गेल्या वर्षी याच दिवसांत मी नाव काढण्याचा अर्ज लिहून पर्समध्ये घेऊन फिरत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही नाशिकला राहतो. नवरा सातपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये, मी एका पतसंस्थेत. जून 2024 मध्ये मुलगी प्लेग्रुपला जायला लागली तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांची होती. तोवर दिवसभर सासूबाईंपाशी. सर्दी झाली असेल दोनदा, तीही घरातल्या घरात बरी झालेली. हिची प्रकृतीच दणकट आहे असं मी अभिमानाने सांगायचे. तिला सर्दी द्यायला कोणी भेटलंच नव्हतं, हे नंतर कळलं. वर्गात अठरा मुलं, सगळ्यांचा मिळून एक ठोकळ्यांचा डबा, आणि प्रत्येक ठोकळा एकदा तरी तोंडात जाऊन आलेला.

पहिला ताप दहाव्या दिवशी आला. मग जुलैत दोनदा, त्यातलं एक उलट्या-जुलाबाचं. ऑगस्टमध्ये हँड-फूट-माउथ (हातापायांवर पुरळ आणि तोंडात फोड येणारा विषाणूचा आजार), सप्टेंबरात कानाचं दुखणं, ऑक्टोबरात पुन्हा सर्दी-खोकला. कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी तारखा लिहीत होते: ताप कधी आला, कधी उतरला, शाळा किती दिवस बुडली. ते लिहिणं रागातून सुरू झालं होतं, शाळेला दाखवायला. पण तीच पानं डॉक्टरांच्या उपयोगी पडली.

त्यांनी पानं उलटून एकच प्रश्न विचारला: "मधल्या दिवसांत कशी असते?" मधल्या दिवसांत ती छान असायची. खायची, नाचायची, आजीच्या अंगावर उड्या मारायची. ताप तीन दिवसांत जायचा, खोकला मात्र रेंगाळायचा आणि तो पुरता थांबायच्या आत नवी सर्दी यायची, म्हणून मला वाटायचं की ही जूनपासून एकच दुखणं काढतेय. पानांवर ती सहा वेगळी दुखणी होती आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण उठून बसली होती. वजन ऑगस्टमध्ये 12 किलोवरून साडेअकरावर आलं होतं, ते ऑक्टोबरात सव्वाबारा झालं. डॉक्टर म्हणाले, मला हे बघायचं होतं. मूल मधे बरं होत नसेल, वजन भरून येत नसेल, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल किंवा कान सारखे वाहत असतील, तर खोलात जाऊन तपासण्या कराव्या लागतात. तुमच्या मुलाचं मधल्या दिवसांत कसं असतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या मते सहा या आकड्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

आकड्याचं म्हणाल तर या वयाच्या मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होतातच, आणि शाळा-पाळणाघराच्या पहिल्या वर्षात दहा-बाराही होतात. साध्या सर्दीच्या नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातला एक होऊन गेला म्हणून दुसरा थांबत नाही. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात मुलांना जन्मापासून तेराव्या वर्षापर्यंत पाहत गेलेला एक अभ्यास आहे. लहानपणी मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दोन वर्षांच्या वयात घरच्या मुलांपेक्षा जास्त सर्द्या झाल्या, पण सहा ते अकरा वर्षांच्या वयात त्याच मुलांना कमी झाल्या. तेराव्या वर्षी फरक उरला नाही. हे वाचलं त्या दिवशी अर्ज फाडला. तेव्हा नाव काढलं असतं, तर हेच सगळं पुढे पहिली-दुसरीत, अभ्यास सुरू झाल्यावर, आमच्या वाट्याला आलं असतं.

आता जे मी चुकीचं केलं ते. जुलैत एका सकाळी तिचं अंग कोमट लागत होतं. माझी रजा शिल्लक नव्हती, नवऱ्याची पहिली पाळी, सासूबाई गावी. मी पॅरासिटामॉल पाजलं, ताप उतरला आणि तिला शाळेत सोडून आले. अकराच्या सुमाराला औषधाचा असर संपला. ताईंचा फोन आला तेव्हा ती चटईवर पडून होती, 103 ताप, आणि मला पोहोचायला पाऊण तास लागला. त्या आठवड्यात वर्गातली आणखी चार मुलं आजारी पडली. ती माझ्या मुलीमुळेच पडली असं नाही, बहुतेक सर्द्या लक्षणं दिसायच्या आधीपासून पसरायला लागतात. पण तिला तशा अवस्थेत तिथे ठेवून आले, हे मला अजून लागतं. औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नसला तरच शाळा, हा नियम त्या दिवसापासून आमच्या घरात आहे. नुसतं नाक वाहत असेल आणि मूल खेळतंय, तर मी पाठवते. नाक वाहतंय म्हणून ठेवायचं ठरवलं तर दिवाळीपर्यंत घरीच बसावं लागेल.

पॅरासिटामॉलचं आणखी एक सांगते, कारण इथे थोडक्यात वाचलो. आम्हाला 6 मिली सांगितलं होतं, ते 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅमवाल्या बाटलीचं. एका रात्री दुकानदाराकडे ती बाटली नव्हती, त्याने 250 वाली दिली. नवरा मापात 6 मिली ओतत होता तेव्हा लेबलावर माझी नजर गेली. म्हणजे दुप्पट गेलं असतं. थेंबाच्या बाटलीत तर 1 मिलीतच 100 असतं. मिलीचा आकडा पाठ करू नका. वजनाच्या दर किलोमागे एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, हा हिशेब तुमच्या मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बाटलीवर चिकटवा.

हँड-फूट-माउथ अजून झालं नसेल तर होण्याची तयारी ठेवा. आमच्याकडे नुसत्या लाळेने सुरुवात झाली. जेवेना, घोट घेतला की रडायची. मला वाटलं दाढा येतायत. दुसऱ्या दिवशी तळहात, तळपाय, गुडघे आणि ढुंगणावर पुरळ. तोंडात फोड असल्यामुळे गरम-तिखट काही चालत नाही. ताक, गार केलेली भाताची पेज, दुधीची थंड खीर यांवर आम्ही पाच दिवस काढले. आठवड्यात बरी झाली. खरी भीती वाटली ती महिन्याभरानंतर, हातापायांची नखं मुळाशी सुटून निघायला लागली तेव्हा. मी रडत डॉक्टरांना फोटो पाठवला. हा त्या आजाराचाच मागून येणारा परिणाम असतो, खाली नवं नख तयार होत असतं. तसंच झालं. आधी कोणी सांगितलं असतं तर ती एक रात्र तरी झोपले असते, म्हणून तुम्हाला सांगते.

त्या वेळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या मुलाने आणलं यावरून फार कडू बोलणं झालं. लागण झाल्यावर पुरळ दिसायला तीन ते सहा दिवस जातात आणि बरं झाल्यावरही शौचावाटे विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. शोधून काय सापडणार? त्याऐवजी शौचानंतर आणि खाण्याआधी मुलांचे हात साबणाने धुतात का, तेवढं शाळेला विचारा. आमच्या शाळेत दारातच सॅनिटायझरचा पंप होता, सगळ्यांना बरं वाटायचं. पण हँड-फूट-माउथचे आणि उलट्या-जुलाबांचे बरेचसे विषाणू त्याला नीट दाद देत नाहीत, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. मी तसं पत्र दिलं. ताईंनी डब्याआधी मुलांना नळाशी रांगेत न्यायला सुरुवात केली. या ताई अठरा शेंबडी नाकं दिवसभर पुसतात आणि स्वतःही आजारी पडतात. त्यांच्याशी भांडून काही मिळत नाही, त्यांच्या बाजूने बोललं तर बरंच होतं.

औषधांबद्दल माझं मत ठाम आहे. सुरुवातीला आम्ही जवळच्या एका दवाखान्यात जायचो, तिथे प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मिळायचं. ते विषाणूंवर चालत नाही. जुलाब मात्र सुरू व्हायचे. सप्टेंबरात रात्री कान धरून किंचाळत उठली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी कानात बघून अँटिबायोटिक दिलं. ते खरंच लागत होतं, आणि आम्ही सांगितलेले सगळे दिवस दिलं. खोकल्याच्या बाटल्यांचं तर ऑक्टोबर 2025 मध्ये आपण सगळ्यांनी वाचलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलं गेली, सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलंय की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे देऊ नयेत. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो. रात्री अर्धा चमचा मध (वर्षाच्या आतल्या बाळाला नाही), नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि जे खाईल ते. आमच्याकडे मेतकूट-भात खाल्ला की समजायचं, उतार पडला. वाफेचं पातेलं मात्र मुलाजवळ आणू नका, भाजण्याची भीती असते.

घाबरायचं कशाला, तेही सांगायला हवं. ताप आहे पण नाक वाहत नाही, खोकला नाही, अशा पावसाळी तापाला मी सर्दी समजत नाही. आपल्याकडे तेव्हा डेंग्यू असतो, पहिल्या काही दिवसांत एनएस1 (डेंग्यू ओळखायची चाचणी) आणि रक्ताची तपासणी करतात. शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप स्वतःच्या मनाने देऊ नका. दुसरं म्हणजे श्वास. मूल शांत झोपलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त असेल तर लगेच दाखवा, आणि बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर थेट रुग्णालयात. आठ तास लघवी नाही, ताप उतरला तरी ग्लानी जात नाही, तीन दिवसांनंतरही ताप आहे, अशा वेळीही थांबू नका. शेजारच्या मुलाला तापात आकडी आली तेव्हा त्याला कांदा हुंगवायला आणि दातात चमचा घालायला लोक धावले. तसं काही करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि दवाखाना गाठायचा.

फ्लूची लस दिली नसेल तर विचारून घ्या. बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी द्यायला सांगते. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस असतात. तिने सर्द्या थांबत नाहीत. पण फ्लूच्या तापात मूल पाच-सहा दिवस मलूल पडतं, त्याची शक्यता कमी होते.

रजेवर मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आम्ही दोघांनी बसून वाटणी केली: पहिला दिवस माझा, दुसरा त्याचा, रात्रपाळी असेल तर दुपार त्याची. शिफ्ट बदलून मागायला नवरा आधी संकोचला, मग मागितली आणि मिळाली. तुमच्याकडे सगळ्या रजा तुमच्याच खात्यातून जात असतील तर ते आधी बदला. शाळेचा प्रश्न त्यानंतर बघता येईल.

मार्चपर्यंत आमच्या कॅलेंडरवर नऊ आजारपणं झाली. यंदा ती नर्सरीत आहे, जूनपासून तीन. तिन्ही वेळा औषध पॅरासिटामॉलच, शाळा मिळून सात दिवस बुडाली.

आणि सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा. मी सांगितलेलं माझ्या सासूबाईंना पटत नव्हतं, कारण दिवसभर ते कण्हणारं लेकरू त्यांच्याच मांडीवर असायचं, आणि ते बघवत नाही हे मला मान्य आहे. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, त्यांचे सगळे प्रश्न ऐकून घेतले, श्वास कसा मोजायचा ते त्यांनाच शिकवलं. ते काम तेव्हापासून त्यांच्याकडे आहे. दुपारी मुलगी झोपली की त्या घड्याळ घेऊन शेजारी बसतात आणि आकडा मला ऑफिसात फोन करून सांगतात.